परीक्षकांची परीक्षा

परीक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो परीक्षार्थी. त्याने काय वाचले, किती पाठ केले, कोठे चुकला, याचा हिशेब आपण अर्ध्या गुणापर्यंत ठेवतो. तो अर्धा गुण देणारा किंवा कापणारा जो परीक्षक, त्याची परीक्षा मात्र सहसा कोणी घेत नाही. पदवी आणि सेवेची वर्षे पाहून त्याच्या हाती लाल पेन येते आणि ते निवृत्तीपर्यंत त्याच्याकडेच राहते.

खास परीक्षकांसाठीच घेतली जाणारी एक परीक्षा मात्र आहे. तिचा विषय वाचून काही वाचक दचकतील. अमेरिकेत घरी बीअर बनवण्याचा छंद मोठा आहे. या हौशी मंडळींच्या स्पर्धा होतात आणि त्यांत निवाडा करणाऱ्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' नावाची संस्था १९८५ पासून काम करते आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे घरी बीअर बनवणे हा गुन्हा ठरतो आणि तो छंद येथे रुजावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आम्हाला रस आहे तो त्या परीक्षेच्या रचनेत. वास आणि चव यांसारखी, मोजायला कठीण आणि माणसागणिक बदलणारी गोष्ट घेऊन तिचे गुण देण्याचे काम या लोकांनी अंगावर घेतले. ते त्यांना कितपत साधले, हे पाहण्यासारखे आहे. निबंधाला, चित्राला, विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृतीला गुण देताना आपणही याहून फार वेगळे काही करत नसतो.

थोडा इतिहास. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करण्यास मुभा मिळाली, पण घरी बीअर करण्याची मुभा राहून गेली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये ज्या विधेयकावर सही केली त्याने ती मिळाली. त्याच वर्षी चार्ली पापाझियन यांच्या पुढाकाराने घरगुती बीअर करणाऱ्यांची संघटना निघाली, स्पर्धा वाढल्या, आणि स्पर्धा वाढल्या की जे होते तेच झाले. 'यांना काय कळते?' असा प्रश्न हरणारे विचारू लागले. परीक्षकांची परीक्षा हे त्या प्रश्नाला शोधलेले उत्तर होय.

२०१२ पूर्वी ही परीक्षा तीन तासांची असे. त्यात लेखी भागाला ७० टक्के आणि प्रत्यक्ष चाखण्याला ३० टक्के वजन होते. म्हणजे ज्याला उत्तम निबंध लिहिता येतो, तो नाकाने अधू असला तरी बऱ्यापैकी दर्जा मिळवू शके. आपल्या दहावीच्या विज्ञानात लेखी ४० अधिक ४० आणि प्रात्यक्षिकाचे २०, हे प्रमाण वाचकांना आठवेलच. त्या २० पैकी १८ च्या खाली किती मुले उतरतात, हे ज्याने त्याने आपल्या शाळेत आठवून पाहावे.

२०१२ साली त्यांनी हा सारा सांगाडा मोडून नवा उभारला. आता पहिली पायरी संगणकावरची. ६० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर-चूक आणि पर्यायी स्वरूपाचे. ती ओलांडली की खरी परीक्षा म्हणजे चाखण्याची: ९० मिनिटांत सहा बीअर, दर बीअरला एक तक्ता भरायचा. यात उत्तम गुण मिळवणाऱ्यांना वरच्या दर्जासाठी आणखी एक दीड तासाची लेखी परीक्षा आहे. दर्जाही एकदम मिळत नाही. ६० गुणांना पहिला दर्जा, ७० ला दुसरा, ८० ला तिसरा, ९० ला चौथा. आणि दुसऱ्या दर्जापासून पुढे नुसते गुण पुरत नाहीत, प्रत्यक्ष स्पर्धांत काम केल्याचे अनुभवगुणही जोडावे लागतात. चौथ्या दर्जाला असे ४० अनुभवगुण लागतात.

तक्ता ५० गुणांचा असतो. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला म्हणजे दाटपणा, फसफस वगैरेंना ५ आणि एकूण ठशाला १०. रूपाला फक्त ३ गुण का, याचे उत्तर फ्रान्समधील एका सुंदर प्रयोगात सापडते. बोर्दो येथे मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिए या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती ५४ विद्यार्थ्यांना हुंगायला दिली. हे विद्यार्थी वाइनशास्त्राचेच होते. तरी त्यांनी तिचे वर्णन करताना लाल वाइनसाठी वापरतात ते शब्द वापरले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळा नाकाला असा फसवतो. तेव्हा डोळ्याला कमी गुण देणे शहाणपणाचे आहे. मात्र बाकीचे आकडे १२, २०, ५, १० असेच का, चवीला २० ऐवजी १८ का नाहीत, याला चालत आलेली रूढी यापलीकडे फारसे कारण दिसत नाही.

आता या परीक्षेचा आम्हाला सर्वांत आवडलेला भाग. परीक्षार्थ्याचा तक्ता तपासताना पाच गोष्टी पाहतात आणि प्रत्येकीला सारखेच २० टक्के वजन असते. गुण किती अचूक दिले, चवीतले काय काय ओळखले, ते शब्दांत किती नेमके मांडले, बनवणाऱ्याला सुधारणेसाठी काय सल्ला दिला आणि तक्ता किती पूर्ण भरला. म्हणजे अचूक आकड्याला शंभरातले फक्त २० आणि उरलेले ८० वर्णनाला, कारणांना, सल्ल्याला. 'लोण्यासारखा वास येतो' एवढे म्हणून भागत नाही. तो डायअ‍ॅसिटिल या संयुगाचा आहे, किण्वन चालू असताना यीस्ट तो तयार करते आणि पुढे स्वतःच शोषूनही घेते, तेव्हा बीअर यीस्टवरून घाईने काढून घेतली असावी, आणखी काही दिवस थांबावे, असे लिहावे लागते. स्पर्धा संपल्यावर हे तक्ते बनवणाऱ्याच्या हाती पडतात. हरलेल्याच्याही.

आमचे गाव उमरगा. तालुक्यात एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. मांडवात चाळीसेक प्रतिकृती, आम्ही तिघे परीक्षक आणि हातात पाच रकान्यांचा कागद: कल्पकता, मांडणी, शास्त्रीय तत्त्व, उपयुक्तता, सादरीकरण. कोणत्या रकान्यात ४ गुण केव्हा आणि ७ केव्हा, याबद्दल कागदावर अक्षर नव्हते. शेरा लिहायला जागा नव्हती. निकाल लागल्यावर आठवीतली एक मुलगी आमच्याकडे आली. तिने ठिबक सिंचनाच्या नळ्यांत क्षार साचतात तो प्रश्न घेतला होता आणि लिंबाच्या रसाने तो सोडवायचा प्रयत्न केला होता. तिने विचारले, "सर, आमचं काय कमी पडलं?" तिच्या प्रयोगात तुलनेसाठी साध्या पाण्याची नळी नव्हती, ते आम्ही तिला तोंडी सांगितले. पण आमच्याकडे आलेली ती एकटीच. उरलेल्या मुलांना काय कमी पडले ते कोणी सांगितले असेल, असे वाटत नाही. गुणांचे कागद मुलांच्या शिक्षकांना द्यावेत, असे आम्ही संयोजकांना सुचवले, तेव्हा "तशी पद्धत नाही" असे उत्तर मिळाले. कागद बेरजेसाठी गोळा झाले आणि बेरजेबरोबर संपले. बीअरच्या स्पर्धेत तळाला राहिलेल्या माणसाला निदान आपण घाई केली एवढे तरी कळते.

असो. या परीक्षेची दुसरी बाजू आता पाहू, कारण ती निर्दोष नाही.

पहिला आक्षेप संगणकावरच्या पायरीवर. ६० मिनिटांत १८० प्रश्न म्हणजे प्रश्नाला २० सेकंद. शेजारी पुस्तक उघडे असले तरी ते चाळायला वेळ मिळू नये, असा हेतू. यातून मोजली जाते ती मुख्यतः वाचनाची गती आणि पाठांतर. ज्याची भाषा इंग्रजी नाही त्याला २० सेकंद म्हणजे प्रश्न समजेपर्यंतच संपतात. चाळणी लावायची म्हणून लावलेली ही चाळणी आहे. आपल्याकडच्या कितीतरी प्रवेश परीक्षा याच जातीच्या.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. परीक्षार्थ्याने दिलेले गुण 'अचूक' आहेत हे कशावरून ठरवतात? परीक्षेच्या वेळी काही अनुभवी परीक्षक त्याच सहा बीअर स्वतंत्रपणे चाखतात आणि त्यांचे जे एकमत होते ते प्रमाण मानतात. म्हणजे जाणत्यांशी जुळले तर अचूक. पण जाणते एकमेकांशी आणि स्वतःशीच किती जुळतात? रॉबर्ट हॉजसन या अमेरिकन संशोधकाने कॅलिफोर्निया राज्याच्या जत्रेत भरणाऱ्या वाइन स्पर्धेत हे तपासले. परीक्षकांपुढे ३० वाइन मांडल्या जात आणि त्यांत एकाच बाटलीतून ओतलेली वाइन गुपचूप तीन वेळा येई. २००८ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच वाइनला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या गटात ठेवणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. साधारण तेवढ्याच परीक्षकांनी त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण देण्याइतके गुण बदलले.

हे वाचून वाइनवाल्यांना हसण्यापूर्वी शिक्षकांनी आणखी एक नाव लक्षात घ्यावे. सर फिलिप हार्टॉग. ढाका विद्यापीठाचे हे पहिले कुलगुरू. त्यांनी ऱ्होड्स यांच्याबरोबर इंग्लंडमधील परीक्षांची झडती घेऊन १९३५ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका परीक्षकांना दिल्या होत्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्यांपैकी १४ परीक्षकांना पुन्हा तपासायला दिल्या. म्हणजे एकूण २१० निर्णय. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निकाल बदलला. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी त्याआधीच, १९१३ मध्ये, भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली होती. गुण तिशीच्या आतपासून नव्वदीच्या पुढेपर्यंत पसरले. भूमितीच्या मानाने बीअरच्या परीक्षकांनी एवढे लाजायचे कारण नाही!

म्हणून एकमत म्हणजे सत्य नव्हे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. स्पर्धेत दोन परीक्षक एकच बाटली चाखतात आणि त्यांच्या गुणांत फार अंतर पडले, साधारणतः सातहून अधिक, तर चर्चा करून ते जवळ आणतात. हे व्यवहाराला सोयीचे असले तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने घातक आहे. दोन स्वतंत्र मोजमापे घेण्याचा फायदाच हा की त्यांच्यातील फरकावरून चूक किती असू शकेल याचा अंदाज येतो. फरक मिटवला की तो अंदाजही गेला. शिवाय चर्चेत बरोबर असलेल्याचे नव्हे, मोठ्या आवाजाच्या माणसाचे म्हणणे टिकते, हा अनुभव शिक्षक-खोलीत सर्वांनाच असेल. आधी लिहिलेले गुण न खोडता शेजारी नवे लिहावेत, एवढा साधा नियमही पुरेसा झाला असता.

तिसरा आक्षेप शरीरशास्त्राचा. फिनिलथायोकार्बामाइड नावाचे रसायन काहींना कडूजहर लागते आणि काहींना बेचव, हे आर्थर फॉक्स याने १९३१ मध्ये दाखवले. तो फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. वासांचेही तसेच. एखादा विशिष्ट वास कळतच नाही अशी माणसे असतात, एरवी त्यांचे नाक तरतरीत असते. डायअ‍ॅसिटिलचा वास दहा लाखांत सुमारे दशांश भाग एवढ्या सूक्ष्म प्रमाणातही पुष्कळांना जाणवतो, तर काहींना त्याच्या कितीतरी पट असूनही नाही. त्यातच वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. २०२० नंतर कोविडने असंख्य लोकांचा वास गेला, कित्येकांचा पूर्ण परतलाही नाही. असे असून एकदा मिळालेला दर्जा टिकवायला ठरावीक काळाने पुन्हा चाखण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. प्रयोगशाळेतला तराजूसुद्धा आपण दरवर्षी प्रमाणित वजनांनी पडताळतो.

आणि चौथा आक्षेप भाषेचा. परीक्षार्थ्याला जे वर्णनाचे शब्द अपेक्षित असतात ते पावाच्या कडेचा वास, बिस्किट, आलुबुखार आणि एका बेल्जियन बीअरच्या बाबतीत चक्क घोड्याच्या पाठीवरचे कांबळे असे आहेत. मॉर्टेन माइलगार्ड यांनी १९७०च्या दशकात बीअरच्या स्वादांचे चक्र आखले तेव्हा हेतू हा होता की सर्वांनी एका वासाला एकच नाव द्यावे, आणि शक्य तेथे त्या नावामागे एक ठरावीक रसायन असावे. तो हेतू योग्यच. पण रसायन हातात नसताना नुसता शब्द पाठ केला तर ते पोपटपंची होते. उमरग्याच्या माणसाला 'पावाची कड' म्हणण्याऐवजी 'भाकरीचा भाजलेला पापुद्रा' म्हटले तर लगेच कळेल, आणि दोन्हींमागचे रसायनशास्त्र जवळजवळ तेच आहे.

उमरग्याचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची एक स्पर्धा सांगितली पाहिजे. तिला परीक्षक नाहीत, प्रमाणपत्र तर नाहीच. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, बोलीत येळवस, साजरी होते. सारे गाव शेतावर जाते, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि जेवणात भज्जीबरोबर आंबील असते. ज्वारी आणि ताक यांची ही आंबील आधी एकदोन दिवस आंबवतात. कृती घरोघरी वेगळी. या शेतातून त्या शेतात जाताना प्रत्येक कोपीत आंबिलीचा पेला हाती येतो आणि संध्याकाळपर्यंत गावात निकाल लागलेला असतो की यंदा कोणाची आंबील चांगली जमली. किण्वनाचेच शास्त्र हे, फक्त येथे मुख्य काम यीस्टचे नसून लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे. (आफ्रिकेत याच ज्वारीपासून बीअर करतात, हा भाग वेगळा.)

बीअर बाजूला ठेवून परीक्षकाच्या परीक्षेचा अनुभव वर्गाला द्यायचा असेल तर आंबील किंवा ताक यांच्याइतके सोयीचे साधन नाही. नववी-दहावीच्या वर्गात तो असा घेता येईल. आंबील दोन मडक्यांत लावावी, दुसरी एक दिवस उशिरा. प्रत्येक मुलासमोर तीन पेले ठेवावेत, दोन एका मडक्यातले आणि एक दुसऱ्यातला. वेगळा पेला कोणता, एवढेच सांगायचे. बीअरच्या कारखान्यांतच रुळलेली ही त्रिकोणी चाचणी. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. म्हणून एकदा बरोबर सांगितले तर काही सिद्ध होत नाही. दहा वेळा घ्यावी. निव्वळ अंदाजाने दहापैकी सहा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के, सात किंवा अधिक येण्याची सुमारे २ टक्के. ही आकडेमोड वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी द्विपद प्रमेयाने स्वतः करावी. चहात दूध आधी घातले की नंतर, हे आपल्याला चवीवरून कळते असे म्हणणाऱ्या बाईंची परीक्षा रोनाल्ड फिशर याने आठ कपांवर मांडली, तिचे गणितही याच जातीचे: आठांतून चार कप निवडण्याचे ७० मार्ग आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर.

जे सात-आठ वेळा ओळखतील त्यांना पुढच्या फेरीत परीक्षक करावे आणि पाच रकान्यांचा तक्ता द्यावा. त्यात गुणांच्या दुप्पट जागा शेऱ्यासाठी ठेवावी. मुलांना न सांगता एकच आंबील दोनदा मांडावी आणि दोन्ही वेळच्या गुणांतील फरक फळ्यावर लिहावा. आंबटपणाला दिलेल्या गुणांचा पडताळाही शाळेत होऊ शकतो. गाळलेल्या आंबिलीचे ठरावीक घनफळ घेऊन फिनॉल्फ्थॅलीन दर्शकाच्या साहाय्याने सोडियम हायड्रॉक्साइडशी अनुमापन करावे, आणि जिभेने लावलेला क्रम आणि ब्युरेटने लावलेला क्रम शेजारी शेजारी मांडावेत. ते दोन्ही नेहमी जुळतीलच असे नाही. मीठ, लसूण, दाटपणा या सर्वांचा जिभेवर परिणाम होतो, ब्युरेटवर होत नाही. त्या न जुळण्यावर एक तासिका सहज जाईल.

दोन सूचना. चाखण्याचे काम वर्गात, घरून आणलेल्या स्वच्छ पेल्यांतूनच करावे. प्रयोगशाळेत किंवा तेथील काचपात्रांतून कधीही नाही, आणि अनुमापनासाठी काढलेला नमुना कोणी तोंडाला लावू नये. पेल्यांवर १, २, ३ असे क्रमांक घालू नयेत, कारण पहिला म्हणजे चांगला असा ग्रह होतो. ४७२, ८१५, २३९ असे कोणतेही तीन आकडी क्रमांक घालावेत आणि त्यांची किल्ली चाखण्यात नसलेल्या एका विद्यार्थ्याजवळ, घडी घालून, शेवटपर्यंत ठेवावी.